आईसाठी बिनतुपाची नानकटाई

आईच्या हृदयात दोन स्टेंट बसवले आणि ती घरी आली त्याच दिवशी मी घरातलं सगळं तूप-लोणी शेजारी देऊन टाकलं. एवढा शहाणा मुलगा अख्ख्या लालबागेत दुसरा नसेल! ती ओरडली, भांडली, मी ऐकलं नाही. वर्षभर तिला उकडलेल्या भाज्या खायला घातल्या.

मग तिचं जेवणच सुटलं. आधी दोन घास, मग एक, मग नुसता चहा. मनगटाची हाडं वर आली. काय देऊ विचारलं की एकच, "माका नानकटाई व्हयी."

आमच्याकडे नानकटाई दिवाळीत व्हायची, तीही घरात नाही. पीठ, साखर, तूप घेऊन आई गल्लीतल्या बेकरीत जायची. तिथेच परात घेऊन तूप तळहाताने पांढरं होईपर्यंत फेसायची, आणि ट्रे भट्टीत गेला की दारातच ठाण मांडायची, आपली एकही दुसऱ्याच्या डब्यात जाऊ नये म्हणून. त्या बेकरीच्या जागी आता टॉवर आहे. मी छोटा ओव्हन आणला.

आणि तुपाऐवजी काय? ब्रेडला लावायचं, कमी चरबीचं स्प्रेड. डब्यावर हृदयाचं चित्र होतं ना! फेसतोय, फेसतोय, पांढरं कसलं होतंय, पाणीच सुटलं. त्यात निम्मं पाणीच असतं हे मला मागाहून कळलं. ओव्हनमधून चिवट चकत्या निघाल्या. आईने एक चावून बघितली आणि माझ्या अंगावर फेकली.

"मेल्या, ह्यो चपलेचो तळ आसा!"

राग आला मला. पण खरं सांगतो, बरंही वाटलं. अजून जोर होता तिच्यात.

दुसऱ्या खेपेला मार्गारीन, ते तेलापासून केलेलं नकली लोणी, आणलं. दिसायला फक्कड झाली, वर छान तडेही गेले. "जिभेर मेण बसला," म्हणाली आणि तोंड फिरवलं.

त्याच आठवड्यात परळच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. "आता पथ्य राहू द्या. मागतील ते द्या."

"तूपसुद्धा?"

"सगळं."

तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

येताना साजूक तूप आणलं. दुपारी परात पुढ्यात घेतली. तिच्यासारखंच तळहाताने फेसलं, तूप हलकं, पांढरंशुभ्र झालं. घरभर वास सुटला. एक नानकटाई गरम गरमच तिच्या हातावर ठेवली. तिने कोपरा मोडला, तोंडात घोळवला, गिळला.

"बरी झाली हा, झिला."

उभ्या जन्मात तिने माझ्या कशालाच बरं म्हटलं नव्हतं. मी हरखलो. दुसरी आणायला स्वयंपाकघरात धावलो, तर ओट्यावर वाटी. मोजून ठेवलेली साखर, जशीच्या तशी.

एक तोंडात टाकून बघितली. नुसतं पीठ आणि तूप.

बाहेर येऊन तिच्यासमोर बसलो. "आई, साखर घालायला विसरलो गं. शिव्या घाल ना मला. घाल ना!"

"ऱ्हवांदे," म्हणाली, आणि उरलेला तुकडा माझ्या हातावर ठेवला.