पासिंगच्या आदल्या दिवशीचे दगूनाना

दगूनाना कोणाच्याही गाडीत बसले की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "हात सोड."

शाळेमागच्या मोकळ्या मैदानावर गाडी सायकलच्या वेगाने चाललेली असायची. नाना शेजारच्या सीटवर, मांडीवर टोपी ठेवून बसलेले. चालवणारा घाबरून त्यांच्याकडे बघायचा. नाना समोर बघत म्हणायचे, "सोड की. मैदानात काय म्हैस आडवी येणार हाय का? हात सोड आन् ब्रेक दाब." मग गाडी कुठे वळते ते बघायचे. सरळ थांबली तर काही बोलायचे नाहीत. जरा जरी तिरपी झाली तर खाली उतरायचे आणि बाह्या वर सारायचे.

नाना सरकारी बस डेपोच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. मखमलाबादला आमच्या मळ्यापासून दोन पाट ओलांडले की त्यांचं घर. त्यांचं गॅरेज नव्हतं. ओट्यावर एक बाक आणि बाकाखाली हत्यारांची पेटी, एवढंच. पण आमच्या भागात ज्याच्याकडे भाजीची गाडी आहे, तो वर्षातून एकदा तरी त्या बाकावर बसायचाच. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की तिची तपासणी दरवर्षी करावी लागते. सरकारी कागदावर त्याला योग्यता प्रमाणपत्र म्हणतात. आमच्याकडे सगळे पासिंग म्हणतात. ते संपलं की गाडी रस्त्यावर काढता येत नाही. नानांचं म्हणणं असं की खरी परीक्षा आदल्या दिवशी घरी द्यायची. "तिथं फक्त निकाल ऐकायला जायचं," असं ते म्हणायचे.

मी त्यांना लहानपणापासून बघत होते, पण ओळख झाली ती गेल्या नवरात्रात. आमचे आप्पा झेंडूच्या ओल्या सरीत घसरून पडले आणि त्यांच्या पायाला प्लास्टर बसलं. आमच्या पिकअपचं पासिंग नेमकं दसऱ्याच्या दोन दिवस आधी संपत होतं. मळ्यात झेंडू तयार होत होता. हा माल दसऱ्यालाच विकला जातो. दुसऱ्या दिवशी त्याच फुलांकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि दसऱ्याच्या आधी भाड्याची गाडी मिळत नाही, कारण सगळ्यांच्याच मळ्यात झेंडू असतो. म्हणजे आमची पिकअप दसऱ्याआधी पास व्हायलाच हवी होती.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे फॉर्म, बँक, मोबाईलवरचं काहीही असलं की ते माझ्याकडे येतं. मला त्यातलं सगळं समजतं असं नाही, पण तसं सांगायची मला लाज वाटते. पासिंगची वेळ मोबाईलवर मीच घेतली. तपासणी केंद्रांची यादी आली, त्यात सगळ्यात लवकरची तारीख दिसली ती मी दाबली. आप्पा खूश झाले. म्हणाले, "जा, नानांना सांगून ये."

नानांनी तारीख ऐकली आणि विचारलं, "कुठं?"

"केंद्रावर," मी म्हटलं.

"अगं पोरी, केंद्र हाय कुठं?"

मी मोबाईल काढला. पत्ता नीट वाचला आणि माझे कान तापले. ते केंद्र आपल्या जिल्ह्यातलं नव्हतंच. पिकअप घेऊन जायला सबंध दिवस लागला असता. नाना इतके हसले की आतून नानी बाहेर आल्या. "हिनं गाडीला देवदर्शनाला न्यायचं ठरवलंय गं," ते नानींना म्हणाले. मग माझं तोंड बघून लगेच थांबले. "रडू नको. वेळ घेता आली ना? मग बदलताबी येईल. आता आधी गाव बघ आन् मग तारीख बघ."

त्यांच्या ओट्यावर बसूनच मी वेळ बदलली. शहराबाहेरच्या नव्या स्वयंचलित केंद्राची मिळाली, दसऱ्याच्या बरोबर दोन दिवस आधीची. नापास झालो तर हाताशी दिवस उरत नव्हते.

दुसऱ्याच दिवशी नाना मला म्हणाले, "चल, जागा बघून येऊ." मला वाटलं, नकाशात दिसतंय की. पण त्यांच्यापुढे बोलायची हिंमत झाली नाही. दोन बसा बदलून आम्ही गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने विचारलं, "गाडी कुठंय?"

नाना म्हणाले, "गाडी मागून येईल. आज माणसं आलीत."

त्याने आत सोडलं नाही. आम्ही कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभे राहिलो. आत एक टेम्पो जमिनीतल्या रुळांवर चढवला होता. चाकं जोरात फिरत होती आणि टेम्पो जागचा हलत नव्हता. नानांनी माझा दंड धरला. "बघ, बघ! चाक पळतंय आन् गाडी जाग्यावर! आता ब्रेक दाबंल बघ. हां! दोन काटे दिसतात का तुला? डाव्याचा येगळा, उजव्याचा येगळा!" मला एकच पडदा दिसत होता, काटे कुठेच नव्हते, पण मी हो म्हटलं. त्यांच्या काळात साहेब यायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा, थोडी चालवून बघायचा. हे मशीन त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं. ते दीड तास जाळी सोडायला तयार नव्हते. परतीच्या बसमध्ये म्हणाले, "आन् एक बघितलंस का? गाडी मालक चालवत नाय. त्यांचाच माणूस चालवतो. हे लय भारी हाय."

ते भारी का, हे मला तीन दिवसांनी कळलं.

आमच्या भागात एक रीत आहे. चांगल्या नक्षीच्या चार टायरांचा एक सेट आहे. ज्याच्या गाडीचं पासिंग असेल त्याच्याकडे तो जातो. गाडी पास झाली की टायर उतरवायचे, गाडीचे जुने गुळगुळीत टायर पुन्हा चढवायचे आणि सेट पुढच्याला द्यायचा. कोणी त्याला लबाडी म्हणत नाही. लग्नात शेजाऱ्याची पातेली आणावीत तसंच ते. शेजारच्या मळ्यातले बाळूकाका, म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ, तो सेट घेऊन आले तेव्हा आप्पांनी त्यांना चहासुद्धा पाजला.

तेवढ्यात नाना आले. टायरांकडे बघितलं. मला म्हणाले, "गाडी काढ मैदानात."

लायसन्स मी वर्षापूर्वीच काढलं होतं. गाडी चालवायला आप्पांनीच शिकवलं. मैदानात नाना म्हणाले, "हात सोड. ब्रेक दाब." मी हात सोडले, ब्रेक दाबला आणि पिकअप सरळ उजवीकडे गेली. मी घाबरून स्टिअरिंग धरलं.

घरी येऊन सांगितलं तर आप्पा खाटेवरून म्हणाले, "ती तशीच हाय पहिल्यापासून. ब्रेक मारताना जरा डावीकडं धरायचं, बस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीही तसंच धरत होते. आप्पांनी शिकवलं तेच शिकले होते. गाडी ओढते हे मला कधी जाणवलंच नव्हतं.

नाना म्हणाले, "तू डावीकडं धरतोस, तुझी पोरगी धरती. उद्या तिथला माणूस धरंल का? त्याला काय ठावं?"

बाळूकाका म्हणाले, "नाना, आधी टायर तर चढवू."

"बाळू, टायर मागून आणशील. ब्रेक कोणाचा आणशील?"

नानांनी पुढचं डावं चाक उघडलं. आतला ब्रेक अर्धा जाम झालेला होता, डावं चाक नीट धरत नव्हतं म्हणून गाडी उजवीकडे जायची. ते मला म्हणाले, "ये, बघ. लांबून नको, हात लावून बघ." माझे हात काळे झाले. आपण रोज ज्या गाडीत बसतो ती आतून अशी असते हे बघून मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली.

त्या संध्याकाळी आप्पांनी मला विचारलं, "तू काय म्हणतीस?" घरात मला असं कोणी विचारत नाही. मी चाचरत म्हटलं, "गाडी मी नेणार आहे आप्पा. टायर आपलेच असू द्या." आप्पांनी बाळूकाकांना सेट परत न्यायला सांगितलं. ठिबकची नवी नळी पुढच्या हंगामावर गेली आणि आमच्या पिकअपला आमचेच नवे टायर आले.

पासिंगच्या आदल्या दिवशी अंधार पडता पडता नानांनी शेवटचं काम काढलं, हेडलाईटचं. पिकअप शाळेच्या भिंतीसमोर उभी केली, भिंतीवर खडूने रेघा मारल्या आणि स्क्रू फिरवून उजेड बरोबर रेघेवर आणला. ब्रेक सरळ, टायर नवे, वायपर, हॉर्न, मागची लाल पट्टी, सगळं झालं. नाना म्हणाले, "आता उद्या फक्त निकाल." मला रात्री झोप लागेना, उद्या परीक्षा असल्यासारखं वाटत होतं.

सकाळी मार्केटला माल उतरवला आणि नाना, बाळूकाका आणि मी केंद्रावर पोचलो. केंद्राच्या माणसाने किल्ली घेतली. पिकअप रुळांवर चढली. ब्रेकचे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. नानांनी टोपी काढून परत घातली. मग गाडी हेडलाईटच्या मशीनपुढे गेली. थोड्या वेळाने खिडकीतून कागद आला. सगळं पास. हेडलाईट नापास. उजेड खाली पडतोय.

झेंडू, आप्पांचा पाय, दोन दिवस, सगळं एकदम डोक्यात आलं.

बाळूकाका तापले. "मशीन बिघडलंय यांचं! काल नानांनी लावलाय लाईट. चाळीस वर्षं काम केलंय माणसानं. चला, भांडू." रांगेतले दोन-चार ड्रायव्हरही म्हणाले, "भांडा, भांडा."

नाना गाडीच्या मागे जाऊन रिकाम्या हौद्यात बघत उभे होते. त्यांनी मला विचारलं, "पोरी, काल लाईट लावला तवा गाडीत काय होतं?"

"टोमॅटो. सकाळी मार्केटला न्यायचे होते ना. हौदा भरलेला होता."

नाना मटकन पायरीवर बसले. काल त्या ओझ्याने गाडी मागून दबलेली होती, तोंड वर होतं. त्या वर उचललेल्या तोंडाचा उजेड नानांनी खाली आणला होता. आज हौदा रिकामा, तोंड जागेवर, म्हणून उजेड आणखी खाली. क्षणभर मला वाटलं, ते गप्प बसतील. कोणालाच कळलं नसतं. बाळूकाका भांडायला तयारच होते.

नाना उठले आणि खिडकीपाशी गेले. सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "साहेब, तुमचं मशीन बरोबर हाय. चूक माझी हाय. भरल्या गाडीवर लाईट लावला मी. नव्या पोरानंबी करू नये ते केलं."

आतला तरुण साहेब म्हणाला, "बाबा, लाईट नीट करा, फेरतपासणीचं शुल्क भरा. आज शेवटी घेतो."

पण भर दुपारी उन्हात भिंतीवर उजेड दिसणार कसा? नाना कंपाऊंडच्या भिंतीकडे बघत होते. तेव्हा मघाशी 'भांडा' म्हणणाऱ्यातलाच घोटीचा एक भातवाला ड्रायव्हर आपली ताडपत्री घेऊन आला. "नाना, अंधार पाहिजे ना?" मग पेठकडचा एक आला. बघता बघता सहा अनोळखी माणसं हात वर करून ताडपत्री धरून उभी राहिली आणि भिंतीपाशी काळोख झाला. आत नाना स्क्रू फिरवत होते आणि मी भिंतीवर ओढलेल्या रेघेपाशी बसून ओरडत होते, "वर! अजून वर! नाना, जास्त झालं! जरासं खाली! बस, बस, बस!" बाहेरून कोणीतरी म्हणालं, "लवकर करा, बाळंतपण चाललंय का आत?" आम्ही सगळे हसायला लागलो आणि ताडपत्री हलली. नाना ओरडले, "हसा नंतर! धरा आधी!"

साडेचारला पिकअप पुन्हा मशीनपुढे गेली. पाच वाजायला आले तेव्हा दुसरा कागद आला. मी तो वाचला, मग नानांना मोठ्याने वाचून दाखवला. बाळूकाकांनी त्या घोटीवाल्याला मिठी मारली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे आमचा झेंडू आमच्याच गाडीने मार्केटला गेला. गाडी मी चालवली.

केंद्रावरून निघताना नाना म्हणाले, "पासचा कागद आप्पाला दे. पहिला नापासचा मला दे." मी का ते विचारलं नाही. मला वाटलं, फाडून टाकणार असतील.

फाल्गुनात नाना गेले. दोन दिवस ताप आला, एवढंच निमित्त झालं. पंधरा दिवसांनी मी नानींना भेटायला गेले तेव्हा ओट्यावरच्या बाकासमोर, भिंतीवर, तो कागद लावलेला दिसला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार खिळे मारलेले. आतल्या खोलीत त्यांच्या डेपोतल्या नोकरीचं प्रशस्तिपत्र होतं. ते मी पूर्वी कधी बघितलं नव्हतं, कारण ते कपाटामागे असायचं; आता नानींनी कपाट सरकवलं होतं.

नानी म्हणाल्या, "दसऱ्यापासून जो येईल त्याला आधी तो कागद वाचायला लावायचे. म्हणायचे, हे मी केलंय. आता सांग, तुझ्या गाडीला मीच हात लावू का?"

"मग लोक काय म्हणायचे?" मी विचारलं.

"काय म्हणणार? किल्ली द्यायचे," नानी म्हणाल्या.