वानोळ्याची डाळ

माझी नात कबड्डी खेळते. खेळते म्हणजे शाळेच्या संघात आहे. संघ बारा पोरींचा, मैदानात उतरतात सात. बाकीच्या पाच जणी रेषेबाहेर सतरंजीवर बसतात, आणि माझी नात त्या पाचांतली. पाणी द्यायचं, सगळ्यांच्या चपला सांभाळायच्या, टाळ्या वाजवायच्या. हे आधीच सांगून टाकतो. पुढचं सगळं त्या बसण्यावरून झालं, आणि जे झालं ते मीच केलं.

माझी बायको गेल्या उन्हाळ्यात वारली. वयानं माझ्याहून लहान, तरी घरात आम्ही सगळे तिला बुढीच म्हणायचो. ती होती तोवर नातीचं खेळणं-बसणं मला माहीतच नव्हतं. पोरगी संध्याकाळी यायची, दोघी चुलीपाशी बसायच्या, हसणं ऐकू यायचं. मला वाटायचं पोरगी रोज जिंकूनच येते. पोरगा वणीकडे कोळशाच्या ट्रकवर, कधीमधी येतो. सून दिवसभर वावरात. बुढी गेल्यावर संध्याकाळी पोरगी घरी आली की समोर मी एकटाच. मग विचारायचं काम माझ्याकडे आलं.

आणि मला विचारता येत नाही. मला फक्त हिशोब मागता येतो.

"खेळली का आज?"

"नाई आबाजी."

"काहून?"

"सरानं घेतलं नाई."

"काहून नाई घेतलं?"

रोज हेच. मला वाटे मी तिची काळजी करून राहिलो. ती दप्तर ठेवून सरळ न्हाणीत जायची, पाण्याचा आवाज बराच वेळ यायचा. एक दिवस म्हणाली, "खेळली." मी खूश झालो. दुसऱ्या दिवशी सुनेनं सांगितलं, "मामाजी, काल तिची प्रॅक्टिसच नव्हती. तुमी इचारता म्हून खोटं बोलली थे."

तेव्हाच मला गप्प बसायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात उलटंच आलं. पोरगी खोटं बोलायला लागली म्हणजे सर तिच्यावर लयच अन्याय करून राहिला. सर म्हणजे शाळेतला तरणा माणूस, बाजूच्याच गावचा, पहाटे पोरींना पळवतो. त्याच्याबद्दल कोणी वाईट बोललेलं मी ऐकलं नव्हतं. तरी मी ठरवून टाकलं की याला काहीतरी पोचवल्याशिवाय काम होणार नाही.

आता वानोळा काय ते सांगतो. आमच्याकडे वावरात नवं पीक आलं की थोडं थोडं लोकांच्या घरी धाडतात. मुगाच्या शेंगा, हुरडा, काकड्या, घरची डाळ. त्याला वानोळा म्हणतात. ज्याला वावर नाही त्याच्या घरी आधी. बुढीचा हात यात मोठा. दवाखान्यातल्या बाईला, न्हाव्याला, वाटेवरच्या म्हातारीला, सगळ्यांना जायचं. एकदा माझं कचेरीत काम होतं तेव्हा मी शेंगांची पिशवी भरली, तिथल्या साहेबाला न्यायला. तिनं पिशवी हातातून ओढून घेतली. म्हणाली, "ज्याच्याकडून काई पाह्यजे त्याच्या घरी वानोळा नाई नेत. मांगायचं असंन तं हात जोडून मांगा. माझ्या शेंगा कायले बाटवता?"

मी तेव्हा तिला शिव्या दिल्या होत्या.

घरात तुरीची डाळ होती. तिच्या हातची शेवटची. तूर भिजवून, तेल लावून, उन्हात वाळवून तिनं जात्यावर काढलेली. आजकाल सगळे गिरणीतून आणतात, ती ऐकायची नाही. अर्धी डाळ सुनेनं डब्यात ठेवली होती, कोणी पाव्हणे आले तरी काढत नव्हती. सून वावरात गेली तेव्हा मी त्यातली चांगली पिशवीभर काढली आणि सायकल घेऊन सराच्या गावी गेलो.

सर घरी नव्हता. त्याची माय होती, माझ्याच वयाची. तिनं बसायला दिलं, पाणी दिलं. मी पिशवी पुढे सरकवली.

"कायले आनली जी एवढी?"

"वानोळा आहे बाई. घरची तूर."

तिनं मूठभर डाळ हातावर घेतली, वास घेतला. "जात्यावरची हाय का? माय वं! कोन काढते आता?"

"आमची बुढी काढे."

"काढे म्हंजे?"

"गेली."

बाईनं डाळ परत पिशवीत सोडली ती अशी हळू, जशी अंगारा सोडते. इथंच उठून आलो असतो तर तो वानोळा झाला असता. बुढीच्या नावाचा झाला असता. पण मी उंबरठ्यापाशी थांबलो आणि म्हणालो, "सराले सांगजा, आमच्या पोट्टीकडे जरा ध्यान ठेवा म्हना. लयच बसवून ठेवते तिले."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. आमच्यात वानोळा परत करत नाहीत आणि दुसऱ्याची पिशवी रिकामी धाडत नाहीत. तिनं आत जाऊन डाळ ओतली, पिशवीत गुळाचा खडा टाकला आणि दिली. मला वाटलं, गूळ दिला म्हणजे काम झालं. सायकलवर मी गाणं म्हणत आलो. बुढी जाऊन चार महिने झाले नव्हते.

पुढच्या आठवड्यात दिग्रसला तालुक्याचे सामने होते. मी एसटीनं गेलो. सरानं नावं घेतली, आणि सातात माझी नात. डाव्या कोपऱ्यात उभी राहिली. मी शेजारच्या माणसाला कोपर मारून सांगितलं, "थे पाय, माझी नात."

आणि खेळली हो पोरगी. मला कबड्डीतलं काय समजते? पण समोरून एक धिप्पाड पोरगी चढाईला आली, आणि आमचीनं खाली झेप घेऊन तिचा घोटा धरला तो सोडलाच नाही. मातीत फरफटत गेली, पण सोडला नाही. बाकीच्या येऊन पडल्या वरून. पंचानं शिट्टी मारली. उठली तेव्हा तिच्या तोंडात माती होती आणि ती हसत होती. मी तिला तसं हसताना बुढी गेल्यापासून पाहिलं नव्हतं. सामना आम्ही जिंकलो. मी मनात म्हणालो, पाय, मी जमवलं.

दुपारी झाडाखाली जेवण. सरानं मोठा डबा उघडला. त्याच्या मायनं सगळ्या पोरींसाठी डाळभाजी करून धाडली होती. पोरी हात धुऊन बसल्या. सर सरळ माणूस, त्याला वाटलं चार शब्द बोलावे. म्हणाला, "पोट्ट्याहो, पोटभर जेवा. ही डाळ हिच्या आबाजीनं घरी आनून देली, जात्यावरची."

सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. एक पोरगी होती, जिच्या जागी आज माझी नात उतरली होती. ती पोळी मोडत सहज बोलली, "हं! म्हून डाळ शिजली व्हय आज!"

पोरी खो खो हसल्या. मीही हसलो. आणि नुसता हसलो नाही. मी म्हणालो, "मंग! शिजवल्याशिवाय शिजते का?"

मला वाटलं मी लय मजेदार बोललो.

नातीचा घास हातात तसाच राहिला. आधी तिनं त्या पोरीकडे पाहिलं, मग सराकडे, मग माझ्याकडे. तिला माझं तोंड चांगलं ओळखता येते. घास तिनं ताटात ठेवला, उठली आणि नळाकडे गेली. सराचंही तोंड उतरलं. त्याला आता कुठं समजत होतं की ही डाळ त्याच्या घरी कशी आली. त्यानं डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या सामन्यात सरानं तिचं नाव घेतलं. ती म्हणाली, पोट दुखते. सतरंजीवर जाऊन बसली. त्या सामन्यात आम्ही हरलो.

एसटीत ती माझ्यापाशी बसली नाही. घरी आल्यावर मी खाटेवर बसलो होतो. माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं.

"आबाजी, एक सांगा. आज मी खेळली का डाळ खेळली?"

मी म्हणालो, "असं काय बोलते बेटा, तू खेळली."

"तुमाले काय मालूम?"

खरंच मला काय माहीत होतं?

सुनेला सगळं समजलं तेव्हा ती उघडा डबा घेऊन माझ्यापुढे आली. "मामाजी, ही डाळ मी तेरवीच्या सैपाकाले बी काढली नव्हती." एवढंच बोलली. मला माझ्या बापानं मारलं होतं, मुकादमानं शिव्या दिल्या होत्या, पण एवढं कधी लागलं नव्हतं.

सकाळी मी सराच्या घरी गेलो. पायी गेलो, सायकल काढायचं मन झालं नाही. सर अंगणात होता. मी म्हणालो, "चुकलं माझं."

तो म्हणाला, "मायनं मले फक्त वानोळा आला म्हून सांगतलं. ध्यान ठेवा म्हनाले होते तुमी, थे काल मी इचारलं तवा सांगतलं, आधी नाई. लाज वाटली असंन तिले तुमची." मग म्हणाला, "तुमची पोरगी, सगळ्या घरी गेल्या की एकटी खांबाले धरून घोटा धराची प्रॅक्टिस करते. मी दोन महिन्यांपासून पाहून राह्यलो. सातात तिचं नाव लिहून शाळेत देलं होतं. तुमी डाळ आनाच्या आठ दिवस आधी."

मला ते ऐकून आनंद व्हायला पाहिजे होता. पण पोरीनं आपल्या हातानं कमावलेलं होतं आणि मी त्याच्यावर डाळ ओतली.

मी म्हणालो, "मी साऱ्या पोरींपुढे येऊन सांगतो. माफी मांगतो."

"नोको जी," सर म्हणाला. "आता तुमी मंधात येऊच नोका."

घरी येऊन मी नातीला सरानं सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. खांबाचं, आठ दिवसांचं, सगळं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "सर चांगले हायेत. मले बरं वाटावं म्हून थे तसंच सांगतीन." मग म्हणाली, "आन् तुमी बी तेच सांगसान." तिचं बरोबर होतं. माझ्या तोंडातून आलं की खऱ्याचंही खोटं व्हायचं. मैदानावर तिला पोरी 'वरण' म्हणायला लागल्या होत्या, हे मला सुनेकडून समजलं. काही दिवस ती प्रॅक्टिसला गेली नाही. मग एक दिवस चपला घालता घालता म्हणाली, "आबाजी, मी जाऊन राह्यली. तुमी येऊ नका मैदानावर. कधीच नोका येऊ." मी बरं म्हणालो.

पुढचं मी डोळ्यानं पाहिलं नाही, सुनेनं सांगितलं. नातीनं सर्वांसमोर सराला म्हटलं की मला तसं, नुसतं नाव पुकारून, सातात घेऊ नका. मग ज्या पोरीनं टोमणा मारला होता तिलाच म्हणाली, "चाल, तू कोपऱ्यात उभी राय, मंग मी राहीन. दोघींवर साऱ्या चढाई करतीन. जिनं जास्त धरल्या थे खेळन." सरानं मधे तोंड घातलं नाही. एकेक पोरगी चढाई करून गेली. कितीकिती धरल्या ते सून सांगत होती, मी म्हणालो सांगू नको. मला तो आकडा ऐकायचा हक्क नाही.

परवा पुन्हा सामना होता. मी घरी होतो. दिवसभर काही काम सुचलं नाही, गोठा दोनदा झाडला. संध्याकाळी ती आली. कपडे स्वच्छ, गुडघ्याला माती नाही. मी पाहिलं आणि मान फिरवली. तिनं हातपाय धुतले, सुनेला म्हणाली भूक लागली, आणि ताट घेऊन माझ्या समोरच बसली. कितीतरी दिवसांनी बसली. दोन पोळ्या खाल्ल्या. मी एक शब्द विचारला नाही. दात आवळून बसलो होतो.

मग तीच बोलली.

"आज नाई खेळली मी आबाजी. तिनं माह्यापेक्षा जास्त धरल्या त्या दिवशी."

मी मान हलवली.

"पन आज मले मालूम हाय, काहून नाई खेळली थे."

हे ती रागानं बोलली नाही. चटणी पुढे सरकवत बोलली, जसं बाजारात काय भाव होता ते सांगावं. धरलेल्या मोजून बसवलं म्हणून पोरीला हलकं वाटत होतं. तेरा वर्षांची पोरगी. सुनेनं तिच्या ताटात अजून एक पोळी वाढली. मला विचारलं, "तुमाले, मामाजी?" मी हातानंच नको म्हणालो, वर पाहिलं नाही.