श्वास रोखायचा नाही

पडद्यांच्या दुकानात ताई कात्री हातात घेऊन उभी राहिली की मशीनवरच्या बायकासुद्धा गप्प बसत. लांबलचक टेबलावर कापड पसरायचं, पट्टी धरून खडूची रेघ मारायची, मग छाती भरून श्वास घ्यायचा आणि कात्री या कडेपासून त्या कडेला पोचली की मगच तो सोडायचा, ही तिची रीत. श्वास हलला की हात हलतो, हात हलला की पडदा तिरका, आणि तिरका पडदा खिडकीत लटकून कापणारीच्या नावाने जन्मभर बोटं मोडतो, असं ती नव्या मुलींना सांगे. इतक्या वर्षांत तिची कात्री एकदाही घसरली नव्हती.

तिचा ताबा सुटला होता तो दुसरीकडेच. शिंक आली, खोकला आला, कापडाचा गठ्ठा उचलला, किंवा मशीनवरच्या कुणी मालकीणबाईंच्या चालण्याची नक्कल केली आणि हसू फुटलं, की लघवी सुटायची. आधी थेंब, मग थेंबांहून जास्त. दुसऱ्या बाळंतपणानंतर हे सुरू झालं आणि पाळी गेल्यावर बळावलं. ताईने गडद रंगाचे कपडे शिवले, पिशवीत एक जोड जास्तीचा ठेवला, पाणी पिणं कमी केलं आणि हसणं सोडलं. हे शेवटचं सगळ्यात कठीण होतं, कारण दुकानात सगळ्यात मोठ्याने हसणारी तीच. आता विनोद झाला की ती ओठ आवळून कापडाकडे बघे. बायका म्हणाल्या, वय झालं की माणूस खडूस होतं, त्याला इलाज नाही.

हेही एक वेळ चाललं असतं. पण तिची धाकटी बहीण दुसऱ्या गावात राहायची, आणि मधे बसचा लांबलचक प्रवास होता; धाकटी हल्ली येत नसे, ताईच जाई. मागच्या खेपेला रस्त्यात गाडी अडकून पडली आणि ताईला धीर धरता आला नाही. सगळे उतरेपर्यंत ती सीटवर बसून राहिली, मग पिशवी मागे धरून उतरली. घ्यायला आलेल्या धाकटीला म्हणाली, बाटलीचं झाकण उघडं राहिलं. धाकटी म्हणाली, "वेंधळीच आहेस." आणि विषय संपला. ताईने मात्र त्याच दिवशी बसच्या नावाने कानाला खडा लावला.

त्यानंतर सबबींना तोटा नव्हता. दुकानात काम आहे, नवऱ्याचा गुडघा धरलाय, पाहुणे येणारेत. आता धाकटीने नवं घर घेतलं होतं आणि खिडक्यांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवून ठेवली होती, कारण पडदे लावायचे तर ताईच्याच हातचे, आणि लावायचेही तिनेच. "पडदे पाठवते," ताई म्हणाली. "मापं कळव." धाकटी म्हणाली, "राहू दे. कागद चांगले आहेत. मी आता परत बोलवणार नाही." ताईने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन रडली. रडतानाही हुंदके बेताने द्यावे लागत होते, याचा तिला भयंकर संताप आला.

त्या संतापानेच तिला दवाखान्यात नेलं. अवघड जागेचं दुखणं, पण निदान डॉक्टर जावई नव्हता, बाई होती. तरी ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय कुठे जाते? ताईने आधी पाठ दुखते म्हणून सांगितलं, मग झोप लागत नाही म्हणून. डॉक्टरबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खोकताना, हसताना लघवी होते का?" इतक्या सरळ, जणू चष्मा लागलाय का विचारतायत. ताई म्हणाली, "होते." आणि एवढी वर्षं उरावर बसलेला धोंडा त्या एका शब्दाने थोडा तरी हलला.

डॉक्टरबाईंनी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही याची खात्री केली आणि आतून तपासलं. मग समजावलं. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, मूत्राशय, गर्भपिशवी तिच्यावर तोललेली असतात. बाळंतपणात ती ताणली जाते, वयाने सैलावते. "अंग थोडं खाली आलंय, पण फार नाही. त्यासाठी आधाराची रिंग असते, ऑपरेशन असतं. तुम्हाला आधी व्यायाम. आणि पाणी तोडू नका. घट्ट लघवीने मूत्राशय उलट जास्त चिडतं." वारा अडवताना आणि लघवी थांबवताना जिथे आवळतो तिथेच आवळायचं, वर ओढायचं, थोडं धरायचं, पूर्ण सोडायचं. धीर धरा, काही महिने लागतील.

ताईने व्यायाम मनावर घेतला. सांगितल्याहून जास्त केला. भांडी घासताना, भाजीच्या रांगेत, टेबलाशी उभी राहून, दात-ओठ खाऊन केला. आणि दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. आता गठ्ठा उचलायच्या आधीच कपडे ओले व्हायला लागले. भीक नको पण कुत्रं आवर, असं झालं. नवरा तसा शांत माणूस, तिने त्यालाही आता सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "परत जाऊन विचार." "काय विचारू? मला आवळतासुद्धा येत नाही म्हणून सांगू?" तो म्हणाला, "हो, तसंच सांग." नवऱ्याचं म्हणणं इतकं बरोबर असणं तिला अजिबात आवडलं नाही. पण गेली.

डॉक्टरबाईंनी तिला व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे धाडलं. मुलगी तिच्या लेकीच्या वयाची. तिने ताईला निजवलं, एक हात पोटावर ठेवला आणि म्हणाली, "करा बघू, रोज करता तसा." ताईने छाती भरून श्वास घेतला, पोट दगडासारखं केलं आणि सगळा जोर लावला.

"मावशी, बोला काहीतरी."

ताईला बोलता येईना. चेहरा लाल झाला होता. शेवटी श्वास सुटला तेव्हा ती म्हणाली, "बोलू कशी? श्वास धरलाय ना."

"कुणी सांगितला धरायला?"

कुणीच सांगितला नव्हता. ताईचा हात मात्र आपोआप कात्री धरल्यासारखा मुठीत वळला होता. तिने मुलीला पडद्यांचं सांगितलं, खडूची रेघ, श्वास आणि कात्री. मुलगी हसली नाही, उलट तिचा चेहरा उजळला. "मग हेच. श्वास रोखून जोर लावला की सगळा दाब खाली जातो. तुम्ही झोळी वर ओढत नव्हता, खाली ढकलत होता. एवढ्या मेहनतीने रोज तेच करत होता."

ताई आढ्याकडे बघत पडून राहिली. मग आतून हसू आलं, आणि त्या हसण्याबरोबर जे व्हायचं ते झालंच, पण आता त्याचं काही वाटलं नाही. मूर्खपणा आपला होता, शरीराचा नव्हता. मूर्खपणा सुधारता येतो.

"पाढे येतात?" मुलीने विचारलं. "मोठ्याने म्हणा. आवाज चालू असला की श्वास कोंडत नाही. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळा, मग शिंका."

त्या दिवसापासून ताई बेचा पाढा म्हणत आवळू लागली. मशीनवरच्या बायकांना वाटलं, हिला काहीतरी झालं. ताईने झाकली मूठ उघडली आणि काय झालंय ते सरळ सांगून टाकलं. काजं करणारी म्हणाली, "मी तर रोज आत कापडाची घडी ठेवते बाई." आणि दुसरी म्हणाली, "अय्या, तुलाही?" दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंच्या खोलीतूनही पाढा ऐकू आला. तिनाचा होता. मालकीण म्हटल्यावर बेवर कसं भागणार?

फरक हळूहळू पडला. आधी खोकला कोरडा गेला, मग गठ्ठा उचलणं. मग एक दिवस नकलेवर ताई पूर्वीसारखी खदखदून हसली आणि हसून झाल्यावर तिला आठवलं की आपण कपड्यांचा विचारच केला नाही. तिचा जीव भांड्यात पडला. त्याच संध्याकाळी तिने धाकटीला न कळवता बसचं तिकीट काढलं. मापं तिने भाचीकडून गुपचूप मागवली होती.

बसमध्ये तिने पाणीसुद्धा प्यायलं. कोरडी उतरली. दारात धाकटीने तिला पाहिलं, पडद्यांचं गाठोडं पाहिलं, आणि म्हणाली, "कागद चांगले होते." पण गाठोडं हातातून घेतलं.

ताई स्टुलावर चढली, धाकटीने स्टूल धरलं. पहिलाच पडदा ताईने उलटा लावला, शिवण बाहेर. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि लहानपणासारख्या हसत सुटल्या. आणि हसता हसता धाकटी एकदम थांबली. पाय जुळवून, ओठ आवळून, पडद्याकडे बघत उभी राहिली.

तो चेहरा ताईला पाठ होता. ती स्टुलावरून उतरली.

"कधीपासून गं?"

"काय कधीपासून?" धाकटी म्हणाली. मग तिने नजर चुकवली. "धाकट्याच्या बाळंतपणापासून."

"म्हणून तू माझ्याकडे यायची नाहीस."

"बसमध्ये कसं यायचं? तुला काय सांगायचं? आणि तूही येईनास. मला वाटलं, तुला माझा राग आलाय."

"बाटलीचं झाकण उघडं नव्हतं राहिलं," ताई म्हणाली.

धाकटीला समजायला एक क्षण लागला. मग तिने ताईच्या खांद्यावर कपाळ टेकवलं आणि दोघी रडल्या, या वेळी बेताने नाही.

"उद्या दवाखान्यात जायचं," ताई डोळे पुसत म्हणाली. "माझं दुखणं ते तुझं असेलच असं नाही, आधी तपासून घ्यायचं. पण नीट श्वास घ्यायला आजच शिक. बस खाली. पाढा म्हण, मोठ्याने."

नव्या पडद्याखाली दोघी मांडी घालून बसल्या. धाकटी म्हणाली, "बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा." बे चोकला आवाज बारीक झाला, आणि पुढे नुसतेच गाल फुगले.

"श्वास रोखलास," ताई म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून म्हण."