हातात देता येईल असं गाणं

आमच्या अण्णाने माझं गाणं बसून असं कधी ऐकलंच नव्हतं. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात आमचे दोन हातमाग. वडील लवकर गेले, तेव्हा या थोरल्या भावाने माझ्याही मागाचा भार स्वतःच्या अंगावर घेतला आणि मला गाणं शिकायला मिरजेला धाडलं. शिकून आलो, बेळगावात बिऱ्हाड केलं, शिकवण्या धरल्या, चार लोकांत गाऊ लागलो. माझ्या बैठकींना सगळं शहापूर येऊन गेलं, अण्णा तेवढा आला नाही. विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. ‘‘जे हातात घेऊन बघता येत न्हाय, त्याचं मी काय सांगू रं?’’

या उत्तराने माझं डोकं फिरायचं. लोक वाहवा करायचे आणि माझं लक्ष दाराकडे. ज्याच्या जिवावर मी गायला शिकलो, त्याने एकदा तरी समोर मांडी घालून बसावं, एवढंच मला हवं होतं. पण अण्णाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

निपाणीला एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडे मी आठवड्यातून एकदा शिकवायला जात असे. एका संध्याकाळी त्यांच्या वखारीत वाळलेलं पान हातात घेतलं. तांबूस, जाड शिरांचं, कडेला जरा करपलेलं. मनात आलं, हा तर मारवा राग. आणि दुसऱ्याच क्षणी अंगावर काटा आला. अरे, मग गाणं हातात देता येईल की! परतीच्या मोटारीत मी इतका चुळबुळ करत होतो, की शेजारच्या गृहस्थांनी कोगनोळीला उतरायचंय का म्हणून विचारलं. कोगनोळी तर उलट्या दिशेला, बेळगावची गाडी तिकडे कशाला जाईल, हेही मी त्यांना सांगितलं नाही.

चित्रकलेचं शिक्षण म्हणाल तर शून्य. पण विणकराचं पोर काठापदराची नक्षी काढतच मोठं होतं. बांबूच्या चौकटी केल्या, त्यांवर जाडंभरडं कापड ताणलं आणि एकेका रागाचं एकेक चित्र करायला बसलो. रंग होतेच, शिवाय तंबोऱ्याच्या तुटक्या तारा, तबल्याच्या फाटक्या पुडीचं कातडं, जरीची कात्रणं, रेशमाची टोकं आणि निपाणीचं पान. काही खळीने चिकटवलं, काही सुईने शिवलं. भूप मात्र मी एकाच रेशमी धाग्याने शिवला, मध्ये कुठेही न तोडता. बायको म्हणाली, ‘‘घरात पाय ठेवायला जागा न्हाय, आता जेवणं चित्रांवरच वाढू का?’’ पण सुईत धागा तीच ओवून द्यायची, आणि पुढचं कुठलं म्हणून विचारायचीही. महिनोन्‌महिने असं चाललं. गळ्याने जेवढं सुख दिलं त्याहून कमी नव्हतं हे, खरं सांगतो.

दिवाळीच्या सुटीत एका शाळेचा हॉल मिळाला. गवयाने चित्रं मांडली आहेत हे ऐकूनच गावात चर्चा. उद्घाटनाला एक निवृत्त मामलेदार बोलावले होते, ते चारला येणार होते. शहापूरकर मात्र जेवणं उरकून तीनलाच हजर झाले, आणि त्यांच्यात डोक्याला रुमाल बांधलेला अण्णा. मी हरखून गेलो. चित्र हातात घेता येतं ना, म्हणून आला होता.

आता आमच्या लोकांची रीत सांगायला हवी. विणकर लुगडं हातात आलं की पदर बघत नाही, काठ बघत नाही. आधी उलटं करतो. समोरची बाजू गिऱ्हाइकाची, पाठ विणकराची. कुठे धागा तुटला, कुठे गाठ मारून वेळ मारून नेली, ते पाठ सांगते. अण्णाने पहिलं चित्र खिळ्यावरून उतरवलं, पालथं केलं, अंगठा फिरवला. मागच्या लोकांनाही दिसावं म्हणून पालथंच परत अडकवलं. मग काय, सगळं शहापूर कामाला लागलं. ‘‘हितं खळ लई झालीया.’’ ‘‘ही गाठ बघ रं, कच्ची हाय.’’ मी ‘अहो, अहो’ करत हॉलभर पळत होतो. एक चित्र सरळ करावं तोवर पुढची दोन पालथी. मारव्याच्या पानाचा चुरा उडून शिंकांवर शिंका सुरू झाल्या त्या वेगळ्याच.

त्यात मामलेदारसाहेब आले. भिंतीवरची एकूण एक चित्रं तोंड फिरवून बसलेली. साहेबांनी चष्मा पुसला, एकदा सगळीकडे पाहिलं, आणि खिशातून लिहून आणलेलं भाषण काढून ते चित्रांतल्या मनोहारी रंगसंगतीवर पाव तास बोलले. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. बायको पदर तोंडात कोंबून खांबाआड उभी होती. लाजेने मेलो म्हणावं तर मलाही हसू आवरेना.

साहेब चहाला गेले. अण्णा कोपऱ्यातल्या बाकावर बसला होता आणि त्याच्या मांडीवर भूपाचं चित्र होतं, अर्थात पालथं. मी जवळ गेलो. आता हा कुठली चूक काढतो म्हणून वाकून बघू लागलो.

‘‘ह्यात धागा कुठं तोडलेला न्हाय,’’ तो म्हणाला.

‘‘न्हाय.’’

‘‘हे गाणंच हाय म्हणतोस?’’

‘‘व्हय. भूप.’’

त्याने माझ्याकडे वर पाहिलं. ‘‘मग म्हण की.’’

पेटी नाही, तंबोरा नाही, तबला नाही. शाळेच्या फरशीवर त्याच्यासमोर बसलो आणि षड्ज लावला. पहिले दोन सूर थरथरले, मग बसले. हॉलमधली बडबड हळूहळू थांबली. अण्णा माझ्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून त्याने एक बोट त्या धाग्यावर ठेवलं होतं आणि मी जसजसा पुढे जाई तसतसं ते सरकत होतं. कुठे रेंगाळलो की तेही रेंगाळे. इतक्या बैठकी केल्या, पण असा आनंद मला कुठल्याच बैठकीत झाला नव्हता. आलाप झाला, बंदिश झाली, ताना झाल्या. षड्जावर येऊन मी थांबलो, लोकांनी वाहवा केली, आणि मी डोळे पुसायला उपरणं उचललं.

अण्णाचं बोट अजून चित्रावरच होतं. शिवण पुरी झाल्यावर उरलेलं रेशीम मला कापवलं नव्हतं, म्हणून ते पाठीवरच कडेकडेने फिरवून ठेवलं होतं. त्याचं बोट त्या वळणाच्या तोंडाशी थांबलेलं.

‘‘थांबलास का?’’ तो म्हणाला. ‘‘धागा अजून लई हाय.’’

मी पुन्हा षड्ज लावला.