फायरप्लेसमधला देव्हारा

सिंगापुरात राहून आमच्या घरात शेगडीवरून भांडण झालं, हे कुणाला सांगितलं तर लोक मला वेड्यात काढतील. इथे बारा महिने घामाच्या धारा. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये पंखा दोन मिनिटं थांबला की आमचे हे कासावीस होतात. पण भांडण झालं, आणि चांगलं कडाक्याचं झालं.

माझं कामच आगीशी. म्हणजे ती लागू नये याच्याशी. मी एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर आहे, तिथे गेटच्या आत काडेपेटीसुद्धा नेता येत नाही. त्यामुळे घरी सगळे चिडवतात, की ही निरांजन लावतानाही आधी पडदा किती लांब आहे ते बघते. बघते! त्यात काय चुकलं?

आमची लेक आणि जावई कॅनडात असतात. गेल्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळाने त्यांच्याकडची वीज गेली आणि घर असं गारठलं, की लेकीला ओल्या बाळंतिणीच्या अंगाने बाळ पोटाशी धरून हॉटेलात जाऊन राहावं लागलं. आम्ही दोघं इथे बनियनवर आणि गाऊनवर फोन हातात धरून बसलेलो. जीव नुसता टांगणीला. तेव्हाच जावयाने ठरवलं, की पुढच्या हिवाळ्याआधी दिवाणखान्यातल्या फायरप्लेसमध्ये लाकडाची शेगडी बसवायची. या शेगड्या लोखंडी असतात, फायरप्लेसच्या पोटात सरकवून बसवायच्या, पुढे काचेचं दार. थोड्या लाकडात घर उबदार राहतं आणि विजेवाचून अडत नाही. कल्पना उत्तम होती. अडचण एकच, त्या फायरप्लेसमध्ये देव बसलेले होते.

झालं असं होतं, की वास्तुशांतीला आम्ही गेलो तेव्हा ह्यांना तो रिकामा कोनाडा दिसला. पूर्वाभिमुख, दिवाणखान्याच्या मधोमध, वापरात नाही. "अगं, हा तर आयता देव्हारा!" म्हणून हे जे कामाला लागले ते थेट मांडी ठोकून. कोनाड्याच्या वर आणि खाली पत्र्यात लांबट फटी होत्या, त्यांतून गार वारा यायचा आणि समईची ज्योत फडफडायची. ह्यांनी त्या फटी टेप लावून बुजवल्या आणि वरून पांढऱ्या टाइल्स बसवल्या. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा विराजमान झाले. सुरेखच दिसायचं, खोटं कशाला बोलू? तिथे कधी आग पेटणारच नव्हती, म्हणून मीही कौतुकच केलं.

तर एका शनिवारी सकाळी आम्ही खालच्या हॉकर सेंटरमधल्या टपरीवरून आणलेला, नारळाचा जॅम लावलेला काया टोस्ट खात होतो आणि जावयाचा व्हिडिओ कॉल आला. त्यांच्याकडे शुक्रवारची संध्याकाळ. खोक्यातली काळी तुळतुळीत शेगडी त्याने नव्या नवरीसारखी दाखवली. म्हणाला, "आई, उद्या मी आणि ऑफिसमधला एक मित्र बसवून टाकतो."

"तू? आणि बसवणारा माणूस येणार होता ना, लायसन्सवाला?"

मागून लेकीचा आवाज आला. "तो येऊन गेला, आई. म्हणाला, आधी या टाइल्स काढा, फटी मोकळ्या करा, तरच हात लावीन. ह्याने त्याला परत पाठवलं."

"परत पाठवलं म्हणजे?"

जावई खाली मान घालून म्हणाला, "बाबांनी गुडघ्यावर बसून केलंय ते सगळं, आई. मी कसं फोडू? टाइल्स तशाच ठेवूनही बसेल असं मला वाटतं. व्हिडिओ बघितलेत मी."

"तुम्हाला वाटतं?"

एरवी मी त्याला अरेतुरे करते. राग आला की माझ्या तोंडात 'तुम्ही' येतं, आणि हे तो पुरतं ओळखून आहे. मग मी त्याला सांगत सुटले. "अहो, ती फायरप्लेस विटांची नाही. कारखान्यात बनवलेली पत्र्याची पेटी आहे, लाकडी सांगाड्यात सरकवलेली. तिच्या दुहेरी पत्र्यामधून वारा खेळतो म्हणून मागचं लाकूड गार राहतं. तो वारा त्या फटींतूनच आत-बाहेर करतो. त्या बंद, आणि आत अशी शेगडी जी उघड्या आगीपेक्षा जास्त आणि तासन्‌तास तापणार! लाकूड आतल्या आत रोज थोडं थोडं भाजत राहतं, बाहेर कुणाला पत्ता नाही, आणि एके दिवशी पेट घेतं. त्या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"बाळाची खोली," लेक म्हणाली.

"खाट कुठे आहे?"

"भिंतीलाच लावलीय. तिथे जागा छान होती."

भीड भिकेची बहीण म्हणतात, इथे ती आगीची सख्खी मावशी निघाली. सासऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हा शहाणा माझ्या नातवाला चुलीच्या पाठीशी झोपवणार होता! मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण आवाज शेजारच्या चिनी आजींपर्यंत गेला असणार, कारण त्यांनी खिडकी लावून घेतली.

आमचे हे उठले, कप सिंकमध्ये ठेवला, चपला घातल्या आणि निघून गेले. मी कॉल बंद केला आणि मागोमाग गेले. रुसले की कुठे जातात ते मला ठाऊक आहे. घराजवळच्या ईस्ट कोस्ट किनाऱ्यावर बाकावर बसून समुद्रातली जहाजं बघत होते.

"अहो, तुमच्या कामाला नाव नाही ठेवलं मी."

"ठेवलंस तरी काय," हे म्हणाले. "त्या घरात मी काय केलं, सांग. गाडी चालवता येत नाही. बर्फ काढायला गेलो तर जावई फावडं हातातून घेतो, बाबा तुम्ही बसा. नुसतं बसा, चहा घ्या. एक तेवढं माझ्या हातचं होतं. पोरगी रोज तिथे दिवा लावते, तेव्हा वाटतं, आपण आहोत तिथे."

मला भडभडून आलं. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस इतकं सलग कधी बोलला नव्हता. वाटलं, जवळ घ्यावं आणि म्हणावं, राहू देत बाई त्या टाइल्स. पण बाळाच्या खाटेपुढे कुणाचीच माया मोठी नाही, माझी नाही आणि ह्यांचीही नाही, आणि मी ते तसंच सांगितलं. वर म्हटलं, "मी घसा फोडून ओरडले तरी तो हातोडी उचलणार नाही. तुम्ही म्हणालात तरच उचलेल."

"म्हणजे मीच सांगू? माझं केलेलं फोड म्हणून?"

"हो. तुम्हीच."

समोरून सायकलवाले घंटा वाजवत जात होते. ह्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच, भर उन्हात, जावयाला लावला. "ऐक. आधी खाट तुमच्या बेडरूममध्ये ने. आत्ता. मग देव उचलून ताम्हणात ठेव, आणि छिन्नी-हातोडी घे. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात कर, तिथे मी सिमेंटचा माल जरा कमी लावलाय."

"बाबा, नक्की?"

"अरे, माझ्या नातवापेक्षा टाइल मोठी का? फोड!"

शेजारून पळणाऱ्या दोन बायका दचकून थांबल्या. मी त्यांच्याकडे बघून हसले. दुसरं काय करणार? घरी येताना ह्यांनी स्वतःहून मला नारळपाणी घेऊन दिलं, म्हणजे समेट झाला.

खालच्या फटीवरची टाइल निघाली तशी आतली बारकीशी धातूची पट्टी सापडली. तिच्यावर पेटी कुठल्या मॉडेलची, ते कोरलेलं. बसवणाऱ्या माणसाने त्यावरून सांगितलं, की जावयाने आणलेली शेगडी या पेटीसाठी तपासलेलीच नाही. ती परत गेली, दुसरी आली. शेगडीपासून थेट धुराड्याच्या टोकापर्यंत स्टीलची नवी नळी घातली. पेटीचा पत्रा कुठे कापला नाही, फटी मोकळ्या ठेवल्या, पुढच्या लाकडी फरशीवर दगडी लादी आली, धुराचा आणि विषारी वायूचा असे दोन अलार्म लागले. मग नगरपालिकेचा माणूस येऊन बघून गेला. प्रत्येक टप्प्याचे फोटो मी मागवले. जावई म्हणाला, "आई, तुमच्या कारखान्यातही एवढं नसेल."

"कारखान्यात माझा नातू झोपत नाही," मी म्हटलं.

देवांची सोय स्वयंपाकघरातल्या एका कप्प्यात झाली. ह्यांनी फोनवरून त्याची मापं तीनदा घ्यायला लावली, आणि पुढच्या खेपेला आपण येऊन तिथे नीट देव्हारा करणार आहोत असं जाहीर केलं. जावई म्हणाला, "बाबा, तोपर्यंत मी खिळासुद्धा ठोकत नाही." त्यावर हे दिवसभर खूश होते.

पहिली आग पेटवली ती आमच्याकडच्या रविवारी सकाळी. जावयाने काचेचं दार लावलं, आत केशरी ज्वाळांनी जोर धरला. इथे आम्ही पंख्याखाली घाम पुसत बघत होतो. कागदपत्रं सगळी माझ्याकडे होती, सह्या होत्या, शिक्के होते. माझ्या धंद्यात तेवढं पुरतं. आईला पुरत नाही. तास-दीड तास शेगडी धगधगू दिली आणि मग मी लेकीला म्हटलं, "आता पलीकडच्या खोलीत जा. भिंतीला तळवा लाव. बोटं नाही, अख्खा तळवा."

ती गेली. फोन हलला, छत दिसलं, मग भिंतीवर टेकलेला तिचा हात दिसला, बांगडीसकट. ह्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"काय गं?"

"गार आहे, बाबा."

"वर बघ. आणखी वर. पलीकडून माझ्या टाइल्स होत्या तिथे."

हात सरकत सरकत वर गेला आणि थांबला. "इथेही गारच आहे. खरंच, अगदी गार."

ह्यांच्याकडे बघते तर डोळे भरलेले, आणि फोन असा घट्ट धरलेला, की मला काढून घेता येईना. मग हे म्हणाले, "मग माझ्या पिल्लाची खाट आणा परत तिथे."