मुंग्यांना ऐकू येईल इतकंच

मुंग्यांवर माझ्या आत्याइतका विश्वास टाकणारं माणूस तंजावुरात दुसरं नसेल. राजवाड्यामागच्या एका लहान शाळेत ती कितीतरी वर्षं दुसरीला शिकवत होती, आणि तिच्या पर्समध्ये खडूऐवजी तांदळाच्या पिठीचा डबा असे. बायका दारात कोलमची रांगोळी काढतात तसे ती वर्गाच्या फरशीवर आकडे काढी, पोरांना भोवती बसवी आणि मुंग्यांची वाट पाही. मुंग्या आल्या की वजाबाकी सुरू. एकदा त्यांनी 8 चं वरचं वर्तुळ खाल्लं आणि खालचं ठेवलं. एका मुलीने उत्तर दिलं की आठातून मुंग्या गेल्या, शून्य राहिलं. आत्याने तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. घड्याळ शिकवायचं ते अंगणातल्या कडुनिंबावरून. त्याची सावली पायरीला टेकली की डबे उघडायचे. ढगाळ दिवशी तिचा वर्ग उपाशी बसून पायरीकडे बघत राही, शेजारच्या वर्गातून सांबारभाताचा वास येत राही, आणि आत्या स्वतःही तितक्याच भक्तीने उपाशी असे.

त्या शेजारच्या वर्गावर, पहिलीला, मी नवीन लागले होते. माझा आवाज दुसऱ्या बाकापलीकडे जात नसे. ज्या इंग्रजी शाळेत मी शिकले तिथे गप्प बसण्याचं बक्षीस मिळायचं, आणि ते मला दर वर्षी मिळालं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं की शुक्रवारी त्या मागे बसून माझा तास ऐकतील. तिथवर आवाज आला नाही तर जूनपासून दुसरी बाई बघावी लागेल. मला ही नोकरी हवी होती, पण हे मी घरीसुद्धा मोठ्याने म्हटलं नाही. आईने मध चाटवला, बाबांनी गच्चीवर जाऊन पाढे ओरडायला सांगितलं. आत्याने फक्त विचारलं, कुठला आकडा शिकवणार आहेस? मी म्हटलं, नऊ.

शुक्रवारी ती न विचारताच माझ्या वर्गात शिरली. बाकं भिंतीकडे सरकवायला लावली, मधोमध हातभर लांब 9 काढला आणि पोरांना तमिळमध्ये बजावलं की मुंग्या घरून निघाल्यात, कोणी मोठ्याने बोललं तर परत फिरतील. मग माझ्याकडे वळून आमच्या घरच्या मराठीत म्हणाली, "अगे, मुंग्यांना ऐकू येईल इतकंच बोल. त्याच्या वर नको."

मी तितकंच बोलले. सगळी डोकी पुढे झुकली. खिडकीतून ऊन आलं होतं, त्यात पिठी किंचित चमकत होती, आणि इतकी शांतता होती की माझं बोलणं मलाच स्वप्नात ऐकल्यासारखं वाटत होतं. मुख्याध्यापिकाबाई थोडा वेळ मागच्या बाकावर होत्या. मग चपला काढून हळूच पोरांत येऊन बसल्या. पहिली मुंगी नवाच्या शेपटीला लागली तेव्हा त्यांनीच कुजबुजत विचारलं, "मिस, आता किती उरलं?"

नोकरी राहिली. आत्या त्याच उन्हाळ्यात निवृत्त झाली आणि पिठीचा डबा माझ्या पर्समध्ये आला.

आता तिला कमी ऐकू येतं. घरात सगळे तिच्याशी ओरडून बोलतात आणि ती न ऐकता मान डोलावते. संध्याकाळी मी शाळेतून आले की तिच्या शेजारी, अगदी कानाशी बसते. "आल्या होत्या?" ती विचारते. काय खाल्लं, काय उरलं, ते मी तिला हळूच सांगते. ती पुढे झुकते. एकदाही पुन्हा सांग म्हणत नाही.