काळ्या मनुकांचा रस

मी पनवेल सोडलं तो रविवार होता. टॅक्सी दारात उभी, बॅगा डिकीत मावत नव्हत्या, आई माझ्या ओढणीचं टोक उगाचच नीट करत होती. आणि माझी धाकटी बहीण नीमू घरात नव्हतीच. सकाळी माझ्या गळ्यात पडून ती चर्चला निघून गेली होती, प्रभुभोजनाचे छोटे ग्लास पुसायला. ज्या मंडळीनं आम्हा दोघींना खोटारड्या ठरवलं, त्याच मंडळीचे ग्लास! "भांडून जाऊ नकोस गं," आई म्हणाली. मी भांडूनच गेले. कळंबोलीला ट्रकांच्या गर्दीत टॅक्सी अडकली तेव्हा वाटलं, नीमू अजूनही रिक्षा करून मागून येईल. आली नाही.

झालं होतं ते असं. आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीच्या विधीला, वाइन चालत नाही. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, मंद आचेवर उकळायच्या, पांढऱ्या फडक्यातून गाळायच्या आणि तो रस मेजावर ठेवायचा. हा मान वर्षानुवर्षं आमच्या घराचा. आईचा एकच नियम होता, "उकळी येईपर्यंत कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही." रस न्यायला आम्ही द्राक्षाच्या सरबताच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वापरायचो. एकदा लेबल काही केल्या निघेना, तशीच नेली. स्त्री-मंडळाच्या लीलाकाकूंनी ती पाहिली. "देवाच्या मेजावर बाजारचं सरबत ठेवतात ह्या पोरी! मी माझ्या डोळ्यांनी बाटली बघितली!"

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी जे काही बोलले ते बाहेरच्या रिक्षावाल्यांनीही ऐकलं असेल. बाटलीपासून सुरुवात केली आणि लीलाकाकूंच्या मागच्या तीन नाताळांच्या करपलेल्या केकपर्यंत पोचले. नीमू माझ्यानंतर उभी राहिली. "नाही, पाळकसाहेब. रस मनुकांचाच होता. बाटली तेवढी जुनी होती." आणि खाली बसली.

रसाचं काम लीलाकाकूंकडे गेलं. मी चर्चला जाणं सोडलं, पुढं इंग्लंडात लीड्सला वृद्धांच्या केअर होममध्ये नोकरी मिळाली तर देशच सोडला. नीमू मात्र लीलाकाकूंच्या घरी जाऊन मनुका कशा भिजवायच्या ते दाखवून आली. मी फोनवर ओरडले, तुला काही स्वाभिमान आहे की नाही? ती म्हणाली, "अगं ताई, त्यांना येत नाही ना."

मग एक दिवस लीलाकाकूच आमच्या दारात आल्या, हातात तसलीच सरबताची बाटली. "नीमू, ह्याचं लेबल कशानं निघतं गं?" विचारलं आणि विचारता विचारताच बाटली पदराखाली लपवली. आईनं त्यांना चहा दिला म्हणे. पुढच्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली. मागितली कुणाची? नीमूची. मी लीड्समध्ये शिफ्टवर होते.

आता खरं सांगते. माझ्या पोटात दुखलं. अजून दुखतं. आरोप दोघींवर, खोटाही दोघींच्या बाबतीत सारखाच. मग ती साधुसंत आणि मी तोंडाळ? बोलणाऱ्याची बोरं विकतात म्हणे. माझी कुणी फुकटही घेतली नाहीत.

मागच्या महिन्यात पाळकसाहेबांनी बायबलातल्या हन्नेवर उपदेश केला. ती मंदिरात मनातल्या मनात प्रार्थना करत होती, फक्त ओठ हलत होते, आणि म्हाताऱ्या एली याजकाला वाटलं, बाई प्यायलीय. तिनं आरडाओरडा केला नाही, खोटं कबूलही केलं नाही. आदरानं खरं तेवढं सांगितलं. "असं एक उदाहरण आपल्यातही बसलंय," पाळकसाहेब म्हणाले आणि सगळ्यांच्या माना नीमूकडे वळल्या. मी हे मोबाइलवर लाइव्ह पाहत होते, हीटरला पाय लावून. नीमू एकटीच दोन माणसांची जागा अडवून बसली होती, शेजारी तिची तपकिरी पर्स. बघा, आता बाकसुद्धा तिच्या मालकीचा! आणि त्याच बायबलातला ईयोब? तो काय गप्प बसला होता? मित्रांनी खोटे आळ घेतले तेव्हा तो देवाशीसुद्धा भांडला, आणि शेवटी देवानं त्यालाच खरा म्हटलं. त्याच्यावर उपदेश करताना कुणाच्या माना माझ्याकडे वळतील?

इथं लीड्सच्या चर्चमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा एक आजी सगळ्यांदेखत सुपरमार्केटच्या बाटलीतून प्रभुभोजनाचे ग्लास भरत होत्या. लेबलासकट. कुणाला काही वाटलं नाही. मला आधी हसू फुटलं, मग रडूच आवरेना. शेजारचा माणूस टिश्यू देत राहिला. त्याला काय सांगणार?

उपदेशाच्या दिवशी संध्याकाळी नीमूचा मेसेज आला. "ताई, लाइव्ह बघितलंस का? मला इतकी लाज वाटली. तू त्या दिवशी सगळं बोलून टाकलंस म्हणून मला दोन वाक्यांत उरकता आलं. एकटी असते तर नुसती रडले असते. मी पाळकसाहेबांना हे सांगितलं. आणि अगं, तुझ्या जागेवर कुणी बसू नये म्हणून दर रविवारी पर्स ठेवते, तर लीलाकाकू विचारतात, कधी येणार ती?"

मी तो मेसेज कितीदा वाचला कोण जाणे. मोठं मन दाखवायची पाळी माझी होती. तिथंही ही माझ्याआधी पोचली! असला हेवा मला दुसऱ्या कुणाचाच वाटत नाही, आणि दुसऱ्या कुणाची इतकी आठवणही येत नाही. मी निघाले तेव्हा विमान गाठायला मुंबईपर्यंत जावं लागायचं. आता विमानतळ पनवेलच्या दारात आलाय, आईला गच्चीवरून विमानं दिसतात. लीड्सला माझं भाड्याचं घर आहे, बरं आहे, उबदार आहे. पण कुणी घर म्हटलं की मला आता तो हातभर बाक आठवतो.

नीमे, तिकीट काढलंय. या नाताळला पर्स मांडीवर घेऊन बस.